कौसाबाईचं रडणं

मला रडक्या माणसांचा राग आहे. शाळेत पोरी रडायला लागल्या की मी आधी त्यांना तोंड धुऊन यायला सांगायची आणि मग काय झालं ते विचारायची. माझ्या स्वतःच्या पाठवणीच्या वेळी मी ट्रंकेला कुलूप नीट लागलंय का ते ओढून बघत होते, आणि त्यावरून सासरी बरेच दिवस कुजबुज चालली होती. अशा बाईला देवानं कौसाबाई शेजारीण म्हणून का द्यावी, ते त्यालाच ठाऊक. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी कुठं मयतीला गेले की बायकांच्या घोळक्यात माझे कान तिचा आवाज शोधायला लागतात. तो ऐकू येत नाही, आणि त्या घरातून बाहेर पडेपर्यंत मला बसवत नाही.

भोकरदनच्या मुलींच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मला भाड्यानं मिळालेली खोली कौसाबाईच्या घराला लागूनच होती, मधे एकच भिंत. पहिल्याच दिवशी मी फळीवर डबे लावत होते, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून असा हंबरडा आला की डाळीचा डबा माझ्या हातातून खाली पडला. बाहेर जाऊन बघितलं. बाजीराव नावाचा म्हातारा गेला होता आणि त्याच्या उशाशी एक ठेंगणी, गोलमटोल बाई छाती पिटून रडत होती.

"बाजीरावदादा रे! आता चहात साखर कमी पडली म्हनून सुनेवर कोन खेकसंल रे! तुझा तो तुटका चष्मा दोऱ्यानं कोन बांधंल रे!"

बाकीच्या बायका तोवर नुसत्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. चष्म्याचं नाव निघालं मात्र, म्हाताऱ्याची सून आतून धावत आली आणि त्या बाईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. मग सगळंच घर रडलं. मी डाळ वेचायला परत आले.

तासाभरानं तीच बाई तोंड धुऊन, केस सारखे करून माझ्या दारात उभी होती.

"नव्या आल्या जनू बाई? चहा ठेवू का तुमच्यासाठी बी? रडून आलं की मला लई भूक लागते बघा."

"तुमचे कोण होते ते?" मी विचारलं.

"कोन्नी न्हाई. उभ्या जन्मात माझ्याशी धड बोलला न्हाई मेला," ती म्हणाली आणि हसायला लागली.

ती कौसाबाई. मूळची धावड्याची. शेत तिकडंच होतं, पण मुलीच्या शाळेसाठी बिऱ्हाड भोकरदनला केलं होतं. नवरा नामदेवराव रोज सकाळच्या एसटीनं शेतावर जायचा आणि दिवे लागायच्या आत परत यायचा. फार कमी बोलणारा माणूस. बायको कुठून रडून आली की तो अंगणातल्या बाजेवरून एवढंच विचारायचा, "झालं का पानी भरून?" आणि कौसाबाई त्याच्याकडं बघून नाक मुरडायची. त्यांची एकुलती एक मुलगी सरला माझ्याच वर्गात होती. हट्टी आणि हुशार.

कौसाबाईला रडायला कुणी बोलावत नसे आणि त्याबद्दल कुणी काही देतही नसे. पण कुठं मयत झाली आणि घरातली बाई दगडासारखी बसून राहिली की म्हाताऱ्याकोताऱ्या म्हणायच्या, "कौसाला येऊ द्या, मंग मोकळी व्हईल." मुलींच्या पाठवणीलाही तसंच. ती रडायची म्हणजे नुसता गळा काढायची नाही. गेलेल्या माणसाची बारीकसारीक आठवण ती नेमकी काढायची. कोण भाकरीचा पापुद्रा आधी खायचा, कुणाला मांजर आवडायचं, कोण बायकोला चोरून शेवचिवडा आणायचा. तिच्या तोंडून ते निघालं की माणूस खरंच गेला हे घरच्यांना कळायचं. मला सुरुवातीला हे सगळं नाटकी वाटायचं. तसं मी तिला तोंडावर म्हटलंही.

"नाटक कशाचं बाई?" ती म्हणाली. "मला खरंच रडू येतं. तुमच्या डोळ्याला मीटर बसवलंय, त्याला मी काय करू?"

सरकारी दवाखान्यातल्या साळवे सिस्टरांची आई वारली तेव्हा कौसाबाई बौद्धवाड्यात गेली. तिथं वंदना चालू होती. ही दाराशीच हात जोडून थांबली आणि वंदना संपेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. मग आत जाऊन सिस्टरांच्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली की सिस्टर तिलाच समजावत बसल्या. आमच्या गल्लीत त्यावरून नाकं मुरडली गेली. कौसाबाईनं लक्ष दिलं नाही. पुढं या साळवे सिस्टरच तिच्या आजारपणात आमचा आधार झाल्या.

आजार कधी सुरू झाला हे सांगता येत नाही. त्याला सुरुवात अशी नव्हतीच. एका हिवाळ्यात सकाळी ती भांडी घासता घासता उठून माझ्याकडं आली आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "बघा बाई, माझी बोटं मेली." बोटं खडूसारखी पांढरी पडली होती. थोड्या वेळानं ती निळी झाली आणि चुलीपाशी शेकल्यावर लालबुंद. आम्ही दोघी हसलो. सरला तर आईची ती बोटं गंमत म्हणून शेजारच्या पोरींना दाखवायची. पुढं मनगटं धरायला लागली. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळायची नाही. उन्हात शेतावर जाऊन आली की नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर लाली चढायची, आणि बायका म्हणायच्या, "कौसाबाई, या वयात पावडर-लाली?" ती म्हणायची, "नवऱ्याला आवडते."

सरलाचं लग्न ठरलं अंबडजवळच्या अंकुशनगरला. मुलगा साखर कारखान्याच्या कचेरीत कामाला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका मांडवात स्वयंपाकाची तयारी करत होत्या. कांद्याचा ढीग पडला होता आणि चिरणाऱ्या बायका डोळे पुसून पुसून बेजार झाल्या होत्या. कौसाबाई नवरीची आई, तिनं खरं म्हणजे मिरवायचं. पण ती विळी ओढून बसली आणि बघता बघता अर्धा ढीग चिरला. डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही.

"कौसाबाईला कांदा बी भेतो," कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. सगळा कांदा तिच्यापुढं सरकवण्यात आला. तीही खूश झाली. डोळ्यात मातीचा कण गेल्यासारखं खुपतंय असं ती मधेच म्हणाली, पण लग्नघरात ते कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी पाठवणी. सगळी गल्ली पदर सावरून तयार होती. परक्यांच्या पोरींसाठी जी एवढी रडायची, ती स्वतःच्या पोरीला कशी निरोप देते ते बघायला लांबच्या गल्लीतल्या बायकाही आल्या होत्या. सरला गळ्यात पडली. कौसाबाईनं सूर लावला, आवाज फुटला, शब्दही आले. आणि डोळे कोरडे. तिला स्वतःलाच ते कळलं. रडता रडता ती थांबली आणि बोटानं खालची पापणी चाचपून बघितली. सरलानं ते बघितलं. नंतर बायका म्हणाल्या, दमली असेल बिचारी. सरला गाडीत बसली.

त्यानंतर एकेक सुटं लक्षण येत गेलं आणि कशाचा कशाशी मेळ लागेना. तोंडाला लाळ सुटायची बंद झाली. कोरडी भाकरी घशाखाली उतरेना, घासागणिक पाण्याचा घोट लागायला लागला. टँकरनं पाणी येणाऱ्या गावात ही सदा बाटली घेऊन फिरायची, त्याचीही चेष्टा झाली. दात किडून पडायला लागले. बोटांची कातडी ताणल्यासारखी चकाकायला लागली. आमच्या गावच्या डॉक्टरनं वात म्हणून इंजेक्शनं दिली. जालन्याच्या डॉक्टरनं आमवात सांगितला. त्यानं कातडीच्या डॉक्टरकडं पाठवलं, कातडीच्या डॉक्टरनं दुसरंच नाव घेतलं आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडलं. डोळ्याच्या डॉक्टरनं चष्मा दिला.

"समद्यांनी मला वाटून घेतलंय बाई," ती एकदा एसटीत म्हणाली. "एकानं गुडघे घेतले, एकानं डोळे, एकानं कातडं. अन् मी कुटं हाय त्यात?"

मी तिची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

गल्लीनं मात्र आपलं निदान केव्हाच करून टाकलं होतं. कौसाबाई एवढ्या मेलेल्यांसाठी रडली. जाताना प्रत्येकानं तिचं थोडंथोडं पाणी सोबत नेलं, आता तिच्याकडं उरलं नाही. हे पहिल्यांदा कोण बोललं ठाऊक नाही, पण नळावर, दळणाच्या गिरणीत, सगळीकडं तेच ऐकू यायला लागलं. मी भडकले. पण कौसाबाई भडकली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. एका दुपारी ती माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "बाई, पडलं की डोळ्यापुढं समदे येतात. बाजीरावदादा येतो. सिस्टरची आई येती. कोनी बोलत न्हाई. नुसते हात पुढं करतात, पानी वाढ म्हनल्यासारखे."

"स्वप्नं असतात ती," मी म्हटलं.

"मी जागीच असते," ती म्हणाली आणि बाटलीतलं पाणी प्याली.

अशातच नामदेवराव गेला. धावड्याला शेतात काम करता करता छातीत कळ आली आणि तिथंच बांधावर बसला तो उठलाच नाही. दुपारी त्याला जीपमधून आणलं. कौसाबाई उशाशी बसली. सगळ्या गल्लीचे डोळे तिच्यावर होते. तिनं तोंड उघडलं. घसा इतका कोरडा पडला होता की नुसती घरघर आली. तिनं पाणी मागितलं. नवऱ्याचं मढं पुढ्यात आणि ही पाणी मागते, हे लोकांनी बघितलं. घोट घेऊन ती त्याच्या आठवणी काढायला लागली. शब्द सगळे बरोबर होते, पण आवाज चिरका निघत होता आणि डोळ्यांत टिपूस नव्हता. ते रडणं नव्हतंच मुळी. कुणीतरी रडण्याचा धडा वाचून दाखवतंय असं वाटत होतं. मी इतकी घट्ट बाई, पण मला ते बघवेना.

संध्याकाळच्या आत सरला अंकुशनगरहून आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, बराच वेळ हमसून रडली, आणि मग मान मागं करून तिनं आईचा चेहरा बघितला.

"आई, तुझ्या डोळ्यात पानी कसं न्हाई?"

नामदेवरावाची बहीण भिंतीपाशी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "उभ्या गावासाठी रडली. माझ्या भावासाठीच हिला पानी आटलं."

सरलानं आईच्या गळ्यातले हात काढून घेतले. तेरावं झाल्यावर ती गेली, ती पंचमीला आली नाही आणि दिवाळीलाही आली नाही. जावई एकदोनदा एकटाच येऊन गेला. कौसाबाईनं नवऱ्याच्या मरणाचं दुःख करावं की पोर तुटल्याचं, असं झालं होतं. लोक काय म्हणतात याची तिला फार पर्वा नव्हती. "पोरीला एवढं कळू द्या की माझं मन कोरडं न्हाई," हे एकच तिचं मागणं. रोज काही ना काही निमित्तानं ते ती मला ऐकवायची.

साळवे सिस्टरांनीच तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मी सोबत होते. तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिल्यांदाच सगळं एकत्र ऐकून घेतलं. बोटं, गाल, सांधे, दात, भाकरी, डोळे, एकही गोष्ट त्यानं दुसऱ्या कुणाकडं धाडली नाही. मग त्यानं कागदाची एक अरुंद पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. निरोगी डोळा ती पट्टी भिजवून टाकतो, असं सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या. वेळ झाल्यावर डॉक्टरनं पट्टी काढली. ती होती तशीच होती.

"मावशी, शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते ना, ती तुमच्या बाबतीत घरच्यांनाच ओळखेनाशी झालीय," तो म्हणाला. "डोळ्यात पाणी करणाऱ्या गाठींवर ती उलटली, लाळेच्या गाठींवर उलटली. सांध्यांवर आणि कातडीवरही. हा एकच आजार असेल असं मला वाटत नाही. दोन-तीन एकमेकांत मिसळलेले दिसतात. नाव पक्कं व्हायला वेळ लागेल, पण गोळ्या आज सुरू करू."

कौसाबाई नीट ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजी पानी गाठीतलं आटलं. मनातलं न्हाई ना?"

डॉक्टरनं हातातली पट्टी टोपलीत टाकली. "नाही मावशी. मनाचा यात काही संबंध नाही."

"मंग तो कागूद द्या मला. लेकीला दाखवते."

त्यानं टोपलीतून ती पट्टी काढून खरंच तिला दिली. तिनं ती रुमालात बांधली. परतीच्या एसटीत मला राहवलं नाही आणि मी बोलून गेले, "कौसाबाई, कोरडा कागद कुठलाही कोरडाच असतो हो. त्यानं काय सिद्ध होणार?" तिनं रुमाल सोडून पट्टी बघितली, पुन्हा बांधली आणि म्हणाली, "असू द्या. माझ्या डोळ्यात जाऊन आलाय तो."

आम्ही अंकुशनगरला गेलो. सरलानं चहा केला, पाट दिला, सगळं रीतसर केलं. कौसाबाईनं डॉक्टरचं बोलणं जसं आठवेल तसं सांगितलं. मधे अडली की मी जोडत गेले. सरला पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी माझ्या शिक्षिका. तुमच्यापुढं बोलू नये. पन आधी वात सांगितला, मंग आमवात, मंग कातडीचं काय ते. आता म्हनता तीन रोग एकत्र. दर येळी नवं नाव. मंग खरं कोनतं? अन् रडू येत न्हाई असा कुटं रोग असतो का?"

"नाव पक्कं व्हायला वेळ लागतो," मी म्हटलं. मला स्वतःलाच ते लंगडं वाटलं. आजाराला एक ठसठशीत नाव असतं तर ते मी फळ्यावर लिहून दाखवलं असतं. कावीळ म्हटलं की कुणी वाद घालत नाही. कौसाबाईनं रुमालाला हात घातला होता, तो तसाच मागं घेतला. पट्टी तिनं काढलीच नाही.

गोळ्यांनी सांधे जरा हलके झाले. डोळ्यांत घालायला थेंब मिळाले. पण कातडी ताणतच गेली. तोंड आवळून लहान झालं, गोल चेहरा आधी सुजला आणि मग ताठ झाला. त्याच्यावर हसू की रुसवा, काहीच उमटेना. परगावी दिलेल्या मुली माहेरी आल्या की तिला ओळखायच्या नाहीत. मयतीला ती अजून जायची, पण मागं, दाराशी बसायची. कुणी पुढं बोलावत नसे. एकदोघींनी तर आपल्या घरच्या पाठवणीला तिला सांगितलंच नाही. ते मला कळलं तेव्हा मी त्या घरी जाऊन भांडून आले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

शाळा सकाळची असली की दुपारी मी घरी असायची. अशाच एका दुपारी भिंतीपलीकडून घोगरा आवाज ऐकू आला. ती एकटीच सूर लावून बोलत होती. "नामदेवराव हो! तुमी शेतातून येताना माझ्यासाठी बोरं आनायचे, अन् देताना म्हनायचे, झाडाखाली पडली व्हती..." मधे थांबून पाणी प्यायचा आवाज. पुन्हा सूर. दुसऱ्या दिवशी तेच, पण आठवण निराळी. तिसऱ्या दिवशी मी जाऊन दार लोटलं. ती भिंतीला टेकून बसली होती. समोर कुणी नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"राह्यलेलं रडून राह्यले बाई," ती म्हणाली. "त्या दिशी जमलं न्हाई ना. रोज थोडं थोडं करते. तुमाला तरास होत असंल तर हळू करीन."

त्रास होत होता. तरी हळू करा असं मी कधी म्हटलं नाही, आणि पुढं कित्येक दुपारी मी वह्या तपासायचं सोडून त्या भिंतीला पाठ लावून बसत गेले. नामदेवराव नावाचा अबोल माणूस मला कळला तो असा, त्याच्या मरणानंतर.

पुढं माझी बदली परतूरला झाली आणि तिथं असतानाच कौसाबाई गेल्याचं समजलं. शेवटी श्वासाचा त्रास वाढला होता. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. साळवे सिस्टर दाराशी भेटल्या. म्हणाल्या, घर अगदी गप्प होतं. सरला आली, पण कोपऱ्यात तोंड फिरवून बसून राहिली, आणि बाकीच्या बायका तिच्याकडं बघत बसल्या. कौसाबाईच्या मयतीत रडणं सुरू करून द्यायला कौसाबाई नव्हती. मी माझ्या जुन्या खोलीवरून चालत गेले. तिथं दुसरं बिऱ्हाड आलं होतं. त्या भिंतीकडं माझी मान आपोआप वळली, आणि मी भराभर एसटी स्टँड गाठला.

सरला कोपऱ्यात का बसली होती हे फक्त मला ठाऊक होतं. माझ्या बदलीच्या आधीचा हिवाळा. शाळेला सुटी होती. सकाळी सरला एकटीच, न कळवता आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आईच्या पाया पडली नाही की पाणी मागितलं नाही. ओट्यावर बसली आणि दोन्ही हात पुढं केले. बोटं पेरापर्यंत पांढरीफटक होती.

"हे बघ आई. या थंडीत सुरू झालंय. अन् सकाळची मूठ वळत न्हाई." तिनं मूठ वळवून दाखवायचा प्रयत्न केला. "तुजी बी अशीच व्हायची ना? मंग तू सांगत व्हतीस ते खरं व्हतं का? बाबा गेले तवा तुला खरंच आजार व्हता?"

ज्या प्रश्नाची कौसाबाई वर्षानुवर्षं वाट बघत होती तो आता पोरगी आपल्या तोंडानं विचारत होती. मी बाजूच्याच पायरीवर होते. मला वाटलं, सुटली बाई एकदाची. तिच्या ताठ चेहऱ्यावर काही दिसणं शक्यच नव्हतं. पण सरला पुढं बोलली.

"मंग मला बी तेच झालंय का? मी बी अशीच व्हईन? माजी पोरं लहान हाईत गं."

कौसाबाईनं तिची बोटं आपल्या हातांत घेतली आणि चोळायला लागली. तिची स्वतःची बोटंही तितकीच पांढरी होती. बराच वेळ चोळून झाल्यावर म्हणाली, "न्हाई. तुला काही झालेलं न्हाई. थंडीनं होतात बोटं अशी, गार पान्यात हात घालू नको."

"अन् तुला?"

"मला आजार-बिजार काही नव्हता. सांध्याचा व्हता तेवढा. डोळ्याचं ते बाईंनी अन् सिस्टरनी माझी लाज राखायला सांगितलं." ती घोट घ्यायला थांबली. "त्या दिशी मला रडूच आलं न्हाई, सरले. तुझ्या बापावर राग व्हता माझ्या मनात. लई जुना."

"कशाचा राग?"

"नवरा-बायकोचं असतंय. ते लेकीला सांगायचं नसतं."

सरलानं माझ्याकडं बघितलं. "बाई?"

कौसाबाईनंही माझ्याकडं बघितलं. मी चष्मा काढून पदरानं पुसत बसले आणि सरलाला जे समजायचं ते ती समजली. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते बघून मला वाटलं, भीती परवडली असती. "माझ्या बाबांनी तुझं काय वाईट केल्तं?" असं ती म्हणाली आणि चहाला न थांबता परतीच्या गाडीसाठी निघून गेली.

ती वळणाआड जाईपर्यंत कौसाबाई बसून राहिली. मग ओट्याला धरून उठली.

"चला बाई, जल्दी. बूथ उघडा असंल. जावयाला फोन लावा."

"आणि काय सांगू? तुम्ही तर तिला काही झालं नाही म्हणालात."

"ती भ्याली व्हती. एवढी भ्यालेली पोर घेऊन मी काय करू? तुमी त्याला सांगा, तिला औरंगाबादला न्या, बिलकुल उशीर करू नका. माझ्यावानी वाटून घेऊ देऊ नका म्हनावं. पन माझं नाव काढू नका. माझं नाव निघालं की तिला समदं कळंल."

ऊन तिला सोसत नसे. पदर कपाळाच्या पुढं ओढून ती माझ्याबरोबर चालत आली आणि एसटीडी बूथच्या काचेबाहेर उभी राहिली. कारखान्याच्या कचेरीत फोन लागला. जावयाला मी सगळं नीट सांगितलं. बोटं पांढरी होणं पुष्कळांना होतं, ते साधंही असेल, पण मूठ वळत नाही म्हणते तर अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या, हा अमुक डॉक्टर गाठा. भला माणूस. पुढच्याच आठवड्यात नेतो म्हणाला, आणि नेलंही त्यानं. सांध्यांचं औषध वेळेवर सुरू झालं, डोळ्यांपर्यंत ते गेलंच नाही, आणि सरला आज हिंडती-फिरती आहे. पण फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "बाई, हे सासूबाईंनी सांगायला लावलं का? त्यांचं ते आजाराचं खरं होतं का मग?"

मी काचेतून बाहेर बघितलं. तिला आतलं काही ऐकू येत नव्हतं, तरी त्यानं काय विचारलं असेल ते तिला कळलं. एका हातानं पदर धरून तिनं दुसरा हात काचेवर ठेवला आणि सावकाश मान हलवली. नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना यातलं काही माहीत नाही."